हिंदीतलं भूत

थांब, थांब, थांब — काय म्हणाली तू आता? उंबरठ्याची ठेच लागली तेव्हा? ‘आई गं’ म्हणाली ना? म्हणाली, म्हणाली, आयकलं मी, गुडघे म्हातारे झाले माझे, कान नाही झाले. म्हणजे तू मराठी आहे! अन मी फाटकापासून इथवर हिंदीत घसा कोरडा करून राहिली — ‘बेटी, संभल के, इस घर में एक औरत घूमती है, सफेद साड़ी वाली’ — अन तू आपली मुकाट्यानं मान हलवून राहिली! बाई बाई बाई. बस. समोर बस, त्या खाटेवर. नाही वो, तिथं भूत नाही, खुशाल बस. भूतबीत काही नाही या घरात — घ्या! सांगून टाकलं ना मी! आता अंबादास मले कच्ची खाईन. अंबादास म्हणजे लेक माझा, रिछाईले कारखान्यात आहे. त्यानंच शिकवलं हे. आमचे घरमालक दुबेजी, त्यांच्या नातवानं घर विकायले काढलं — तो भोपाळले राहते, त्याले काय करायचं जबलपुरातलं हे घमापूरचं घर — तर अंबादास म्हणे, आई, दलाल माणसं आणीन, आम्ही दिवसभर कामावर, घरी तूच. कोणी पाहायले आलं की भूत सांगजो, भेग दाखवजो, नळाले पाणी नाही म्हणजो. घर विकलंच नाही गेलं तर आपल्याले काढते कोण?

अन सांगितलं मी! तिघायले पळवून लावलं. पहिला शहपुऱ्याचा धान्याचा व्यापारी, बायकोसंगं. तो भिंती ठोकून पाहे, तवर मी बायकोले कोपऱ्यात घेतलं — ‘दीदी, आपसे क्या छुपाना, रसोई में रोज दूध फट जाता है.’ तिचा चेहरा उतरला. म्हटलं, आणखी एक देऊ — ‘और झूला अपने आप हिलता है.’ आता आमच्या घरी झूला कुठं? तिनं विचारलंही नाही! नवऱ्याची बाही धरून गेली ते छत्रीही विसरून गेली. चांगली छत्री आहे, मी वापरते. दुसरा सिविल लाइंसचा वकील. तो म्हणे, ‘अम्मा, भूत का नाम-पता?’ मी का कमी आहे? ‘दुबेजी की दादी, पता यही.’ तो हसला, पण मंग भेग दाखवली तर गेला. अन तिसऱ्याचं — नको वो, तिसऱ्याचं नको विचारू. बरं, सांगते. तिसऱ्याच्या पुढं मी आंगात आणून दाखवलं. केस मोकळे सोडून! दोन दिवस मान दुखली. अन तो फोटो पाहून राहिली ना तू, बाबासाहेबांचा? त्याच्याकडं पाठ करून बसली होती मी. आम्ही दीक्षा घेतलेले लोक, बुद्धवंदना म्हणणारी मी, अन झिंज्या हलवून राहिली! त्या संध्याकाळी फोटोले हार घातला अन म्हटलं, बाबा, घरासाठी केलं, एक डाव माफ करा.

पण तुले सांगते, ते सगळं हिंदीत होते. हिंदी मी शिकली कुठं? बाजारात. भाजीवाल्यापाशी. तिथं पहिलं वाक्यच खोटं — ‘उधर तो सस्ता दे रहा है.’ कुठं उधर? कोणीच देत नाही. तर ती जीभ माझी खोट्यावरच वळली आहे, सरसर चालते. अन मराठीत लेकरं निजवली, मराठीत नवऱ्यासंगं भांडली, तो गेला तेव्हा मराठीत रडली — त्या जिभेवर भूत चढतच नाही, मी काय करू? तूच पाय ना, तू ‘आई गं’ म्हणाली अन माझी सफेद साडीवाली पळाली.

पाणी घे. तांब्या भरलेलाच आहे. नाही प्यायचं असंन तर राहू दे, मले राग नाही येत — पेली? गटगट पेली! बरं. बरं झालं. आणखी घे.

तुझी मराठी अशी लंगडत काहून चालते पण? आयकायले येते, बोलायले नाही? चालते, चालते, माझ्या नातीचं तसंच आहे. ‘आजी, मैं समझती हूँ ना’ म्हणते अन उत्तर हिंदीत देते. तू फक्त आयक. बोलायचं काम मी करते.

अन हे पाय, ही भेग. इकडं ये, कपाटाच्या मागं. दिसली? मागच्या वर्षी तो भूकंप आला ना, अर्धं जबलपूर अंगणात झोपत होतं महिनाभर, त्यात पडली म्हणून सांगायची. आता बोट फिरव तिच्यावरून. फिरव ना. निघाला ना काळा? कोळसा आहे! अंबादासनं काढली, स्टुलावर चढून. मी खालून सांगत होती, वाकडी काढ रे, भूकंप काही पट्टी घेऊन नाही येत. शाळेत चित्रकलेत कधी पास नाही झाला, पण ही मात्र काढली बाप्पा — वकील फसला! अन खरी गोष्ट अशी की या घराले केसाएवढी भेग नाही पडली. शेजारची गच्ची बसली, समोरच्याचं फाटक वाकलं, अन आमच्या फडताळातली कपबशी जागची हालली नाही. खोटं वाटते? कपबशी दाखवू?

नळ म्हणाली? नळाची तर गोष्टच नको. ही गल्ली उताराले आहे ना, तर पाणी आलं की पहिले इथं येते, मंग वर चढते. लोक बादल्या घेऊन वाट पाहून राहतात अन माझी भांडी धुऊन पालथी. अन खिडकी — ती नाही, ही, स्वयंपाकाची — मे महिन्यात इथं बस तू, दुपारी, वारा असा येते की डोळा लागून जाते. अन ही फरशी पाहिली? खाली हात लाव. थंडगार. लाल रंगाची, आरशासारखी. हे मालकानं नाही केलं, आम्ही केलं, मी अन हे — मुरलीधर नाव यांचं, फॅक्टरीत होते — सुटी टाकून, गुडघ्यावर बसून, चार दिवस घोटली. कडेले एक जागा खडबडीत राहिली, तिथं अंबादास रांगत आला अन ओल्या सिमेंटवर — पाय, हा पंजा. बारका आहे ना? त्याच हातानं आता भेगा काढते... काय बोलून राहिली मी. पुसू नको ते, पुसल्या जात नाही.

आमची इथं येण्याची गोष्ट सांगितली का तुले? कुठून सांगीन, तू आताच तर आली. आयक मंग. साठ साल. मी नवी नवरी, भंडाऱ्याकडून आली, हिंदीचा एक शब्द येत नाही. हे किरायानं घर पाहायले आले तर मोठे दुबेजी — आताच्या नातवाचे आजोबा, गंध लावलेले, जानवंवाले — त्यायनं नाव विचारलं. हे म्हणाले, मुरलीधर. दुबेजी खुश! ‘अरे वाह, साक्षात भगवान का नाम!’ अन पुढचं आडनाव विचारायचंच विसरले. दिली वरची खोली, टिनाची. सहा महिने मजेत गेले. मंग कोणीतरी त्यायले सांगितलं की तुमचा किरायेदार गजभिये आहे म्हणून. झालं! हे ड्युटीवर, मी एकटी घरात, अंबादास पोटात, अन दुबेजी जिन्यात येऊन उभे, लालेलाल — ‘मकान खाली करो! आज ही खाली करो!’

आता तू सांग, आपल्यात खाली म्हणजे काय? वर नाही ते खाली! मले काय माहीत हिंदीत खाली म्हणजे रिकामं? मी म्हटलं, अय्या, किती चांगला माणूस! पोटुशी बाई टिनाखाली भाजून राहिली, हे याच्या ध्यानात आलं, अन खालच्या दोन खोल्या रिकाम्या होत्या, त्यात आजच या म्हणते! मी त्यांच्या पायाच पडली जिन्यात. ते मागं सरकले, भिंतीले चिपकले — मी म्हटलं, लाजला बिचारा. अन लागली कामाले. हांडे, गाठोडी, चूल, सगळं जिन्यानं खाली. गल्लीतल्या बाया विचारत, क्या हुआ? मले येत होते तेवढे दोन शब्द — ‘दुबेजी अच्छा! बहुत अच्छा!’ अन पोटाकडं बोट. बाया म्हणत, देखो, कितना दयालु आदमी है. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीत दुबेजी देव झाले! देवळातल्या पुजाऱ्यानं त्यायले हात जोडले. आता देवानं काय करायचं? हे ड्युटीवरून आले, आयकलं, डोक्याले हात लावून बसले अन मंग हसता हसता लोळले जमिनीवर. दुबेजी त्या दिवसापासून चूप. आमच्या घरचं पाणी मात्र मरेपर्यंत नाही पेले — अन घरातून काढलंही नाही. दिवाळीले लाडू पाठवत, ताट मात्र परत घेत नसत. माझ्याकडं त्यांची नऊ ताटं आहेत. आता अशा माणसाले चांगलं म्हणायचं का वाईट? अडतीस वर्षं झाली, मले नाही ठरवता आलं.

कागद? कशाचा कागद? किरायाची पावती? अवो, पावती कुठली दुबेजींच्या राज्यात, सगळं तोंडी. एक चिठ्ठी नाही आमच्याकडं. अंबादास लोकायले सांगते की आम्ही कोर्टात जाऊ, आमच्याकडं जुने कागद आहेत, पण पेटीत पाहिलं तर — घ्या. हे तुले सांगायचं नव्हतं. यासाठी तर त्यानं शपथ घातली होती मले. हसू नको. हस, हस, मलेही हसू येऊन राहिलं. भूत गेलं, भेग गेली, कागदही गेले! मी अशीच बोलत राहिली तर तुले जागेवर बसल्या बसल्या घराची किल्ली देऊन टाकीन.

घरं पाहतोच आहो आम्ही, नाही असं नाही. अकरा पाहिली. अंबादास, विनता — विनता सून माझी — अन मी, नटून थटून जातो, जसं पोरगी दाखवायले न्यावं. एका घरची बाई मोठी गोड. ‘मराठी लोग? बहुत साफ-सुथरे होते हैं’ म्हणे, अन चहा ठेवला गॅसवर. आलंही टाकलं. मंग म्हणे, ‘पूरा नाम क्या हुआ?’ अंबादासनं पूरं सांगितलं. त्याच्या बापासारखं अर्धं नाही सांगत तो, बापाले म्हणे, तुम्ही फसवून घर घेतलं. तर नाव आयकलं अन तिले आठवलं की खोली आपल्या भाच्याले दिली आहे. चहा तसाच उकळत राहिला वो! आम्ही गल्लीच्या टोकाले पोचलो तरी आल्याचा वास येऊन राहिला होता. विनता रडली. मी म्हटलं, रडते काय, साखर जास्त टाकली होती तिनं, मी पाहिलं. अकरा घरं अन भाचे किती झाले सांगू? सात! जबलपुरात इतके भाचे आहेत, मले माहीतच नव्हतं. त्या सगळ्या भाच्यायचं एक गाव वसवा म्हणते मी.

तू अशी फरशीवरून हात काहून फिरवून राहिली केव्हाची?

घेणार तू. नाही, बोलू नको, दिसून राहिलं मले. मुलगी पसंत पडली की सासू अशीच पाहते. अरे देवा. थांब, एक मिनिट, मले काहीतरी वाईट सांगू दे या घराचं. इथं... इथं मुंग्या आहेत. बरसातीत. फार नाहीत. हळद टाकली की जातात. अन आवाज! आवाज फार येते — शाळेच्या पोरायचा, सकाळी प्रार्थनेचा, चांगलं वाटते तसं आयकायले... छ्या. नाही जमत मले. जा, घे बाई. कोणीतरी घेणारच आहे, तो नातू काही थांबत नाही, किती लोकायसमोर केस मोकळे सोडू मी या वयात? तू पाणी पेली. तू घे. अंबादासले मी पाहून घेईन.

मले एक सांग. तुम्ही आता कुठं राहता? रांझीले? किरायानंच ना? मंग हे घेतलं की ते सोडणार तुम्ही! हे माझ्या ध्यानातच नाही आलं! किती खोल्या? दोन. स्वयंपाकघर वेगळं? चांगलं आहे. अंबादासले रिछाई तिथून सायकलनं जवळ. नळ? चालते, मी भरीन. मालक वरच राहते? म्हातारा? बायको आहे? स्वभावानं कसा? चांगला. बरं. चांगलेच असतात सगळे. अन तुम्हाले खोली देताना त्यानं —

आडनाव विचारलं होतं?



इकडं पाय माझ्याकडं, फरशीकडं नको पाहू. विचारलं होतं.

बरं.

मंग खाली मान काहून घालून बसली? तू थोडंच विचारलं? उठ. मी तुझ्यासंगं येते, आत्ता. विनता घरी यायले अजून दोन घंटे आहेत. अंबादास नको, त्याले राग येते. तू तिथं बोलू नको, तुले नाही जमत. मी सांगते म्हाताऱ्याले माझ्या तोंडानं — शेवंताबाई मुरलीधर गजभिये, अडतीस वर्षं एका घरात राहिली, किराया कधी चुकला नाही, फरशी घोटता येते. पाहू म्हणते तरी त्याले किती भाचे आहेत. चल ना, अशी खांबासारखी दारात उभी काहून? सरक, मले चपला घालू दे.