एकशे एकतीस तलवारबाज

हॅलो?… हो ताई, मीच केले होते सगळे फोन… नाही, नाही, बाबा बरे आहेत. कुणाला काही झालेलं नाही. तू आधी बस… अगं, बस म्हणजे बस!

दुकानातच आहे. आत्ता गिऱ्हाईक नाही कोणी. ऐक ना, काल बाबांचं कपाट रंगवायला पुढे ओढलं, तर त्याच्या मागे पत्र्याचा डबा सापडला… कसला म्हणजे? आपला! तलवारींच्या पत्त्यांचा!

हो, तोच!… हो, 'वार', 'बचाव', 'हूल'… सगळे आहेत. तू पत्ता पालथा टाकून माझ्याकडे बघत बसायचीस आणि मी दर वेळी हुलीला फसायचे… आता काय हसतेस?

अगं, विकायचं वगैरे काही नाही. मध्ये बोलू नकोस ना. डब्यात कंपनीचा नियमांचा कागद होता. त्यावर लिहिलंय, एकूण पत्ते साठ… हो, साठ. आणि मी मोजले तर एकशे एकतीस!

नाही, डबल नाहीत. एक चेहरा दुसऱ्यासारखा नाही… मलाही तेच वाटलं, नंतर दुसरा संच आला असेल. म्हणून दुकानात आणले आणि भिंगाखाली धरले. चष्म्याच्या काचेवरचे ओरखडे बघायला असतं ना, ते भिंग. छापलेल्या चित्रात रंगाचे बारीक बारीक ठिपके दिसतात बघ. साठ पत्त्यांवर ते आहेत. उरलेल्या एकाहत्तरांवर एकही ठिपका नाही, ताई. ब्रशच्या रेषा आहेत. केसाएवढ्या.

हाताने काढलेत… सगळे. एकाहत्तर… कोणी म्हणजे काय? छापखान्यात कोण होतं आपल्या घरातलं?

हो. बाबांनी.

नाही गं, चेष्टा नाही करत.

विचारलं तर. आधी उडवूनच लावलं. मग म्हणाले, "बाजारात ते पत्ते यायचेच बंद झाले. तुम्ही दोघी शनिवारी दारात उभ्या. रिकाम्या हाताने कसा येणार?"… अगं, पत्त्यांची पाकिटंसुद्धा त्यांचीच! आपण फेकलेली उचलायची, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा चिकटवायची. पाळी संपली की मशीनशेजारी बसून, उरल्यासुरल्या शाईत… हो. त्यालाच आपण जादा काम म्हणायचो.

माहितीये मला तू काय म्हणाली होतीस. 'तुम्ही आम्हाला कधी वेळच दिला नाहीत.' मलाही तेच वाटत होतं, ताई. तू तोंडावर बोललीस आणि दोन वर्षं त्यांना फोन केला नाहीस. मी नुसती गप्प बसले. एवढाच काय तो फरक.

ते राहू दे आता. ती जिन्यात उभी असलेली तलवारबाज आठवते?… हो, भुवईवर व्रण असलेली, तुझी लाडकी. तू कुणाला हातसुद्धा लावू द्यायची नाहीस. आता सांग, सायकलवरून पडलीस तेव्हा तुझ्या डाव्या भुवईला टाके किती पडले होते?… तीन ना? पत्त्यावरही तीनच आहेत. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मी भिंगातून दोनदा मोजले गं.

आणि माझाही आहे. एका डोळ्यावर पट्टी बांधलेली… हो, त्याच वर्षी. माझ्या डोळ्यावर पट्टी होती आणि शाळेत मला एकडोळी म्हणायचे तेव्हा. अख्ख्या खेळात तिचं बळ सगळ्यांत जास्त. नऊ! मला वाटायचं, खुद्द कंपनीनेच ठरवलंय की ही पट्टीवाली कुणाला हरणार नाही. सोमवारी ताठ मानेने वर्गात गेले होते मी…

रडत नाहीये… बरं, रडतेय. तू काय करतेयस?

हो, बाबा इथेच आहेत. पुढे आरशात बघत एकेक फ्रेम लावून बघतायत. एकही पसंत पडत नाहीये. तुझा फोन आहे हे त्यांना माहीत नाही… आत्ता?… नक्की?… अगं, माफीबिफी नको काही, नुसतं पत्त्यांचं विचार. एवढं पुरे… थांब, थांब, ठेवू नकोस हं.

बाबा… ताईचा फोन आहे… हो, आपल्या ताईचा… असे बघत काय बसलात, घ्या ना… बाबा, उलटा धरलाय फोन… हां.

आता बोला.