भांगाचा फोटो

...नाही, पण मला सांगा, चपलांच्या दुकानात काम करणाऱ्या बाईने डोकं लपवायचं तरी कुठे? गिऱ्हाईक खुर्चीत, मी त्याच्या पायाशी, म्हणजे त्याच्या डोळ्यांसमोर काय? माझा भांग! एक आजी बुटात पाय घालता घालता म्हणाल्या, "बाळ, तुझा भांग रुंद झालाय गं." झालं. केस माझे, आणि मत सगळ्यांचं!

तुम्हाला सांगते, वय माझं एकतीस, आणि घरी जो तो डॉक्टर. सासूबाई म्हणाल्या तेल लाव, नणंद म्हणाली तेल बंद कर, आणि नवरा, ज्याला स्वतःला कंगवा लागत नाही तो, म्हणतो टेन्शन घेऊ नकोस... केस माझे, आणि मत सगळ्यांचं! मी वरवर हसायचे, पण बाथरूमच्या जाळीवरचे केस गोळा करताना रडू यायचं, खोटं कशाला सांगू?

शेवटी गेले त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे. वाटलं, कातडीचा तुकडा काढतील, मोठ्या मशीनमध्ये घालतील, आणि बिल बघून उरलेले केसही जातील. तर बाईंनी काढला पेनाएवढा कॅमेरा, जोडला साध्या मोबाइलला आणि टेकवला माझ्या भांगावर. पार्लरमध्ये केस कापायला जेवढे पैसे जातात, तेवढ्यातच! आणि पडद्यावर माझं डोकं... अगं बाई, काही केस दोरखंडाएवढे, आणि त्यांना खेटून कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक बारीक.

सासूबाई सोबत होत्याच. चष्मा पुसून, पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हा वाळलेला दिसतोय. आता बोला... केस माझे, आणि मत सगळ्यांचं!

डॉक्टरबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "जाड आणि बारीक केस असे शेजारी शेजारी दिसले की समजायचं, विरळ व्हायला सुरुवात झालीये. पण मुळं जिवंत आहेत. वेळेवर आलात."

वेळेवर! अहो, मी जन्मात कुठे वेळेवर पोचलेय? तिथंच खुर्चीत मला हसू आणि रडू एकदम आलं.

रोज औषध लावलं. पहिले काही आठवडे उलट जास्तच गळले, मी घाबरले, बाई म्हणाल्या असं होतं, सोडू नका. सहा महिन्यांनी तोच कॅमेरा, तीच जागा, आणि बारीक केस चक्क जाड झालेले! आनंदाच्या भरात तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, खाली एक अक्षर न लिहिता.

काकासासऱ्यांचं लगेच उत्तर, "जमीन चांगली दिसतेय, सूनबाई. पाण्याची सोय आहे का?"

आता वडीलधाऱ्या माणसाला काय समजावणार... लिहिलं, "आहे, काका. एक दिवसाआड धुते."