कानापुरता आवाज

नणंद : पाच तारांचाच बेस दाखवा हो. पाचवी मिळत असताना चारांवर कशाला भागवायचं? माझ्या भावजयीला घ्यायचाय, उगाच काटकसर नकोय.

भावजय : ताई, मला चार पुरतात.

नणंद : तू गप्प बस गं. तुला सगळंच पुरतं. चप्पल घ्यायला गेलं तरी म्हणणार, आहे ती चालतेय अजून. अंगठ्याशी भोक पडलेलं असतं आणि म्हणे चालतेय!

दुकानदार : मॅडम, मी काय म्हणतो, पाचवी तार आली की मान रुंद होते. ह्यांचा पंजा केवढासा! मनगट भरून यायचं. हा घ्या चार तारांचा. मान आखूड, वजनाला हलका, लाकूड एक नंबर. हा निळा नग मी कुणालाही काढून दाखवत नाही.

भावजय : भिंतीवर दर्शनी तर टांगलाय.

दुकानदार : टांगलाय हो, काढून दाखवत नाही म्हटलं. आणि काढणार कुणासाठी? येतो तो गिटार मागतो. बेस मागणारा चुकून एखादा, तोही विचारतो, ह्याला दोन तारा कमी का बसवल्यात? तुम्ही हातात घेतलात तेव्हाच ओळखलं मी. वाजवत होता ना आधी?

भावजय : अकरा वर्षं.

दुकानदार : मग तो कुठाय?

भावजय : दिला कुणाला तरी. घरात पलंग आणायचा होता, वरखाली होणारा, आजारी माणसाचा. माझा बेसचा मोठा ॲम्प्लिफायर होता त्या जागी बसला तो. ॲम्प गेला, मग बेस नुसताच भिंतीला टेकून राहायला लागला. जातायेता पाय लागायचा सगळ्यांचा.

नणंद : म्हणून तर आलोय ना आपण! झालं गेलं गंगेला मिळालं. अहो, हिला घरातल्या घरात वाजवायला जे जे लागतं ते सगळं काढा. आवाज मात्र बाहेर येता कामा नये. घरात माझी आई असते, अंथरुणाला खिळलेली.

दुकानदार : आवाजाची काळजीच सोडा. हा बघा, काडेपेटीएवढा ॲम्प. बेसला खोचायचा, त्यात हेडफोन. तुम्ही वाजवा नाहीतर आदळा, शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला पत्ता लागणार नाही. जेवढा काय आवाज, तो तुमच्या कानापुरता.

भावजय : म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दुकानदार : हा हा! बघा तर खरं लावून. ह्यात ढोलकड्यासुद्धा आहे आतल्या आत. ही कळ दाबली की ड्रम सुरू. ना त्याला चहा पाजायला लागत, ना तो उशिरा येत.

नणंद : अगंबाई! मग माणसं लागतातच कशाला? बस, लाव ते कानाला. दोन्ही कानांवर नीट घे.

(भावजय हेडफोन लावून वाजवू लागते. दुकानात तारांवर बोटं पडल्याची बारीक टकटक तेवढी ऐकू येते.)

दुकानदार : हात बसलेला आहे हो ह्यांचा. चेहरा बघा कसा खुलला एकदम.

नणंद : हं. मी तिला हसताना पाहून किती दिवस झाले असतील कोण जाणे. अहो, गुणाची आहे पोर. माझ्या आईला अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून हीच करते सगळं. न्हाऊ घालणं, कूस बदलणं, सगळं. आई हिच्याशिवाय कुणाच्या हातचा घास घेत नाही. तीन बायका ठेवून झाल्या कामाला. तिसरीच्या अंगावर तर वाटी भिरकावलीन. माझा भाऊ, पोटचा पोरगा, त्याने चमचा पुढे केला की दातखीळ बसते.

दुकानदार : म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं.

नणंद : आता हिच्या जुन्या बँडवाल्यांनी हिला परत बोलावलंय. दर गुरुवारी संध्याकाळी तालीम. सहा ते आठ. आणि आईच्या जेवणाची वेळ सात! भावाचा घाबरून फोन, ताई, ही जाईन म्हणतेय, आता कसं करायचं? मी म्हटलं, थांब, मी येते. रागावून काही होत नसतं. तिला वाजवायचंय ना? मग जे लागेल ते आपण घरीच आणून देऊ. बेस द्या, ॲम्प द्या, तुमचा तो ढोलकड्या द्या. मग बाहेर जायचं कारणच उरणार नाही. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही.

दुकानदार : डोकं लावलंत, मॅडम.

नणंद : अहो, चाळीस माणसांचं ऑफिस चालवते मी. एवढं तर जमायलाच हवं. ए, ऐकलंस का? हा निळाच घेऊया का? अगं ए! अहो, ही बघतसुद्धा नाहीये. अगं!

दुकानदार : त्यांना नाही ऐकू यायचं. हेडफोन भारीतला आहे, बाहेरचं सगळं बंद करतो.

नणंद : बंद करतो म्हणजे? काढ, काढ ते आधी! चार हाका मारल्या मी.

भावजय : काय झालं? फोन आला का घरून?

नणंद : फोन नाही गं. पण आईने घंटी वाजवली तर? तू अशी समाधी लावून बसलीस तर तिकडे तिचा घसा सुकायचा.

भावजय : दोन गाणी पण नव्हती झाली, ताई.

नणंद : काळजाचा ठोका चुकायला तेवढं पुरतं. अहो, एका कानाचा नाही का मिळत हेडफोन?

दुकानदार : एका कानाचा नसतो, पण एक कान मागे सरकवून ठेवता येतो. असा. उजव्या कानात बेस, डाव्या कानाने घर.

भावजय : एका कानात ठोका आणि एका कानात घंटी. वाजवायचं काय मग, घंटीच्या ठेक्यावर?

नणंद : थट्टा नको. काहीतरी मार्ग काढायला हवा की नाही? ह्या काडेपेटीला हे आणखी एक भोक कसलं?

दुकानदार : तिथे फोन जोडायचा. फोनवर गाणं लावलं की तेही हेडफोनमध्ये येतं, आणि त्याच्यावर आपण वाजवायचं. सरावाला फार उपयोगी.

नणंद : फोन जोडायचा. बरं. मग असं नाही का करता येणार? एक फोन आईच्या उशाशी चालू ठेवायचा. त्यावरून हिच्या फोनला कॉल लावायचा आणि हिचा फोन इथे जोडायचा. म्हणजे गाण्याऐवजी आईचा आवाज येत राहील. दोन्ही कान झाकले तरी बिघडत नाही!

दुकानदार : वा! होईल की. घंटीच काय, त्या नुसत्या कण्हल्या तरी कळेल. इतकी वर्षं विकतोय, पण हे कधी सुचलं नव्हतं मला.

नणंद : बघ! सुटला ना प्रश्न? आता बोल, निळा की काळा? अगं, बोल ना. मान खाली घालून काय बसलीस? रडतेयस की काय?

भावजय : नाही. वायर काढतेय. हे घ्या, दादा. फार सुरेख वाजतो. भिंतीवर नीट ठेवा.

नणंद : का? आवडला नाही?

भावजय : आवडला म्हणून काढतेय. ताई, तुम्ही आईंचा श्वास ऐकलाय कधी? झोपेतला?

नणंद : ऐकलाय की. म्हणजे... घरघर असते थोडी.

भावजय : थोडी नाही. मी कणीक मळते तेव्हा ती ऐकू येते. अंघोळीला जाते तर नळ बारीक सोडते, ती ऐकू यावी म्हणून. बाजारात रांगेत उभी असले तरी कानात तीच. आता ही दोन गाणी होती, त्यात नव्हती. एवढीशी जागा सापडली होती मला, आणि तुम्ही भोक शोधून तिथेही त्यांना आणून बसवलंत.

नणंद : अगं, मी तुझ्या भल्यासाठीच...

भावजय : माहितीये मला. तुमच्या मनात काळं नाही. सोन्याची सुरी आहे, पण म्हणून उरात खुपसून घ्यायची का? हा बेस घरात आला ना, की माझी बोलायची सोय गेली. मी जाते म्हटलं की घरात सगळे म्हणणार, हिला आता आणखी काय पाहिजे? एवढा भारीतला आणून दिला, ॲम्प दिला, आत ड्रमवालासुद्धा घालून दिला. बरोबरच असेल त्यांचं. मी काय उत्तर देणार?

नणंद : असं कुणी म्हणणार नाही.

भावजय : तुम्हीच म्हणालात मघाशी. मग माणसं लागतातच कशाला?

दुकानदार : मी जरा आतून कपडा घेऊन येतो पुसायला. तुमचं चालू द्या.

नणंद : अहो, थांबा, तुमच्यापासून काय लपवायचंय! हे बघ, राणी, तालमीला जाऊन काय वेगळं वाजवणार आहेस तू? तेच ना?

भावजय : ड्रमवाला चुकतो, ताई. भरात आला की पळायला लागतो. मग मी त्याच्याकडे बघते, तो माझ्याकडे बघतो, जीभ चावतो आणि परत जागेवर येतो. गाणारीला वरचा सूर लागला नाही की ती मला शिव्या घालते, माझा काही संबंध नसताना. तिथे मला कुणी आजारी माणसाची तब्येत विचारत नाही. मला ते पाहिजे. हा खोक्यातला ड्रमवाला चुकतच नाही, त्याला काय करू मी?

नणंद : थोडी कळ काढ. पुढेमागे काहीतरी सोय होईलच.

भावजय : पुढेमागे म्हणजे आई गेल्यावर. असं ठरवून वाट बघायला लावू नका मला. मला त्या आवडतात, ताई. त्यांचं करताना कधीकधी मनात काय काय येतं, आणि मग मलाच माझी भीती वाटते. परवा त्यांनी घास तोंडात धरून ठेवला, गिळेचनात. मी ओरडले त्यांच्यावर. एवढ्या मोठ्याने की शेजारीण दारात आली. गुदमरतंय मला त्या घरात.

नणंद : हे मला कुणी सांगितलं नाही.

भावजय : तुम्ही फोनवर विचारता, आई जेवली का? मी सांगते, जेवल्या. गेल्या गुरुवारी बँडवाल्यांनी एका मुलाला बोलावून पाहिलं माझ्या जागी. बरा वाजवतो म्हणे. उद्या मी गेले नाही तर तो पक्का. मग प्रश्नच मिटला, घरी वाजवा नाहीतर नका वाजवू. दादा, मला चार तारांचा एक सेट द्या. नुसत्या तारा.

दुकानदार : नुसत्या तारा? मॅडम, निळा बाजूला ठेवू का आठवडाभर? तुमच्या नावाने?

भावजय : नको. गिऱ्हाईक आलं तर विका.

नणंद : तारा कशाला? बेस तर घेत नाहीयेस.

भावजय : तालमीच्या खोलीत एक जुना पडलाय. त्याच्या गंजल्यात. उद्या सहाला जाणार मी, ताई. आणि तुम्ही रविवारपर्यंत आहात. साताला त्यांना तुम्ही भरवा.

नणंद : मी?

भावजय : तुमची आई आहे.

नणंद : अगं पण... नाही, नाही. तुझ्या नवऱ्याला सांगू, ऑफिसातून लवकर ये म्हणून.

भावजय : त्यांच्या हातून घेत नाहीत. तुम्हीच सांगत असता सगळ्यांना.

नणंद : माझ्या हातून तरी घेईल का? काल मी आल्या आल्या जवळ बसले, हात धरला, तर सोडवून घेतलान. माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेली बाई. मग तू आत आलीस आणि तिचा चेहरा फुलला. मी उठले आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. तुला वाटलं असेल, फोनवर बोलतेय. फोन बंद होता गं.

भावजय : ठाऊक होतं मला.

नणंद : दर महिन्याला म्हणते जाऊन राहू आठ दिवस, आणि दर महिन्याला काहीतरी काम काढते. इथे येताना तुझ्यासाठी काय न्यायचं, आईसाठी काय न्यायचं, ह्याच्या याद्या करत बसते. काहीतरी हातात असलं की दारातून आत शिरता येतं. चाळीस माणसं मी बोलले की उभी राहतात, आणि त्या पलंगाशी मला बसवत नाही. उद्या मी घास पुढे केला की ती माझ्याकडे तशीच बघायची. तू समोर नसताना. मला नाही जमायचं ते.

दुकानदार : ह्या घ्या तारा. चांगल्यातल्या दिल्यात, लवकर गंजत नाहीत.

भावजय : किती झाले? नको, ताई, पर्स आत ठेवा. हे मी देते.

नणंद : ऐक ना माझं. खरंच सांगते, नाही जमत गं मला.

भावजय : मलाही जमत नव्हतं, ताई. चला, त्यांच्या जेवणाची वेळ झाली.