बोक्याची वेगळी खोली

...आणि मला सांगा, नव्या नवरीचा हात हातात घेऊन कुणी ओरखडे शोधतं का? आमच्या ह्यांनी शोधले. खिडकीपाशी नेऊन, उजेडात, एकेक बोट उलगडून. मला वाटलं, चला, उशिरा का होईना, हात तर धरला... तर म्हणतात कसे, "इथे चाटलं का त्याने? कातडी सोललेली होती का?"

तो म्हणजे बोक्या. बोक्या कुत्रा आहे. नाव आईने ठेवलं, मला विचारू नका. आई दादाकडे राहायला गेली, म्हणून तो माझ्या सामानाच्या टेम्पोतून इकडे आला, आणि वाटेत ड्रायव्हर चहाला थांबला तेवढ्यात खाली उतरून, एका भटक्या कुत्र्याशी भांडून, कान फाडून घेऊन परत चढला. आता तुम्हाला सांगते, दुसऱ्या घरात हळद लावून भागलं असतं, पण आमचे हे जनावरांचे डॉक्टर, तेही तपासणी नाक्यावरचे. कुठून आलं, वाटेत कुणाला भेटलं, तिकडे रेबीज आहे का, हे विचारल्याशिवाय शेळीसुद्धा पुढे सोडत नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझ्या सख्ख्या बहिणीचं मांजर परत पाठवलंय त्याने." आणि ह्यांचं ठरलेलं वाक्य, "धोका किती, ते आधी ठरवू."

ठरवलं. बोक्याची लस झालेली होती म्हणून बरं, नाहीतर... ते 'नाहीतर' ह्यांनी पुरं केलं नाही, मीही विचारलं नाही. त्याला पुन्हा लस, मला इंजेक्शनं, आणि बोक्या मागच्या खोलीत पंचेचाळीस दिवस बंद. आत फक्त हे जाणार, हातमोजे घालून. पाणी पितो का, आवाज बदललाय का, चाल बिघडलीय का... एक खूण दिसली की बोक्या संपला. मी आपली दाराबाहेर जमिनीवर बसून कान लावायची. दुसरं काय करणार?

आणि काय ऐकू यावं? जेवताना 'मीठ' यापलीकडे न बोलणारा माझा नवरा आत कुत्र्याशी गप्पा मारतोय!

"काय रे, करमत नाही ना? तिलाही करमत नसेल. विचारायचं असतं रे, पण तोंड उघडलं की रेबीजच बाहेर येतो... काल भाजी छान झाली होती. सांगायचं राहिलं बघ."

मग काय, रोज संध्याकाळी मी दाराशी. सासूबाई विचारायच्या, "सारखी तिथे काय गं?" मी म्हणायची, "बोक्याची काळजी वाटते." खोटं नव्हतं. निदान निम्मं तरी नव्हतं.

शेवटी मुदत संपली. बोक्या धडधाकट बाहेर आला, सासूबाईंची चप्पल घेऊन पळाला, मी रडले. आणि जेवताना पुन्हा, "मीठ."

मी हळूच म्हटलं, "अहो, बोक्या जरा सुस्त वाटतो. अजून थोडे दिवस ठेवायचा का आत?"

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही. "तू दाराबाहेर बसायचीस ना, दाराखालून सावली दिसायची. पहिल्या दिवसापासून."

आता बोक्या घरभर हिंडतो, आणि संध्याकाळी हे त्या रिकाम्या खोलीत जाऊन दार लावून घेतात, मी बाहेर बसते, आणि आम्ही पोटभर बोलतो. दार उघडून बोलायचं म्हणता? बोलू की... धोका किती, ते आधी ठरवू.