उजव्या आरशाचे उलटे आटे

माझं माहेर सिन्नरकडचं, शेतीवाडीतलं, लग्न होऊन नाशिक रोडला आले तेव्हा पाना कधी हातात धरलेला नव्हता. गॅरेज यांचं. पुढे यांच्या हातांना कंप सुटला, मग मी बसले कामाला, हे खुर्चीवरून सांगायचे, मी करायचे, असंच शिकले. आता गिऱ्हाईक ताई ताई करत येतं, आणि तेच डोक्यात गेलं बघा.

गेल्या रविवारी पोरीला बघायला सिन्नरहून मुलगा आणि त्याचे वडील आले, मोटारसायकलवर. आरसे मुलानं ऐटीसाठी काढलेले, पिशवीत ठेवलेले, आणि वडील चिडलेले, म्हणे येताना पोलिसानं अडवलं, जाताना परत अडवणार. मी म्हटलं, अहो त्यात काय, चहा होईपर्यंत बसवते. काय सांगू तुम्हाला, या घरातली बाई काय आहे ते मला दाखवायचं होतं.

डावा बसला. उजवा जाईना. हे चहाचा कप घेऊन दारातून म्हणाले, अगं, या गाडीला उजवीकडे उलटे आटे असतात, डावीकडे फिरव. मला माहीत नव्हतं असं नाही, पण पाहुण्यांसमोर यांनी शिकवावं याचाच राग आला. म्हटलं, तुम्ही गप बसा हो, कप सांडतोय तो सांभाळा. यांच्या हातांवरून बोलले, सगळ्यांदेखत बोलले. आणि तसाच उजवीकडेच जोर दिला, तर कट्‌ झालं, आरसा ज्यात बसतो ती ब्रेकची दांडी धरणारी पकडच तडकली.

मुलाचे वडील एवढंच म्हणाले, दादा सांगत होते ना, ताई. गाडी इथेच ठेवून दोघं बसनं गेले, काय ते कळवतो म्हणाले. पोरगी कपबशा विसळत होती, तिनं वर पाहिलं नाही. हे रात्री कमीच जेवले.

नवी पकड मी आणून लावली. आरसा यांच्या हातात दिला. कापत्या बोटांनी, डावीकडे, सावकाश फिरवत बसवला यांनी, शेवटी घट्ट करायला पाना मागितला तो मी दिला, यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

आज मुलगा गाडी न्यायला येतोय. होकार आणेल नाहीतर नकार, आता माझ्या हातात काय आहे. पोरीचं भलं होवो, काम तिनं माझ्यासारखं करावं, बोलू माझ्यासारखं नये. गाडी दुरुस्त झाली हे त्याला यांनीच सांगायचं, तसं ठरवलंय मी. मला बाहेर यायला तोंड नाही.