तपासून पास केलेलं मशीन

पेन्शनचं काय झालं म्हणून विचारलंत ना? मग ऐका.

नव्व्याण्णव साली आमच्या उमरीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता. त्याच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. दोन हजार साल लागलं की जुनी मशीनं तारीख चुकतील, तपासून अहवाल द्या, असा हुकूम वरून आला. ऑपरेटर मीच, तोही रोजंदारीवर. एकतीस डिसेंबरची तारीख टाकून पाहिली, तर रात्रीचे बारा वाजताच मशीन सरळ एकोणीसशे सालात गेलं. मी अहवालात 'नापास' लिहिलं.

साहेब भडकले. "येडा हाय का? वरून मलाच जाब विचारतील. पास लिही. जानेवारीत कायम व्हायचंय न्हाई का तुला?"

पास लिहिलं, सही ठोकली. जानेवारीत कायम झालो अन् त्याची नोंद त्याच मशीनवर चढली. पुढं ती कुणी उघडून पाहिली न्हाई.

परवा नांदेडला पेन्शनच्या टेबलावर गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही एकोणीसशे साली कायम झालात. जन्म तर त्याच्या लई नंतरचा हाय."

"मॅडम, मशीन चुकलंय."

"मशीन कसं चुकंल? तपासल्याचा कागद जोडलाय की."

"त्याच्यावर सही कुणाची हाय?"

त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. सही माझीच होती. खाली पेनानं घातलेली तारीख तेवढी बरोबर होती.