समोरच्या खिडकीतली भाडेकरीण

समोर बसलेल्या बापलेकीचं काही ठरत नव्हतं, म्हणून भाडेकरार टाइप करणाऱ्याची बोटं कीबोर्डवर तशीच थांबली होती.

"बाबा, कर, देखभाल, दुरुस्ती वजा जाता त्या फ्लॅटचं हातात उरतं काय? विकून पैसे बँकेत ठेवले तर याच्या दुप्पट व्याज येईल. कशाला पोसताय हा पांढरा हत्ती?"

"भाडेकरीण चांगली आहे गं."

"असेल. पण इतक्या वर्षांत तुम्ही भाडं एका पैशानंही वाढवलं नाहीत."

"वाढवलं आणि ती गेली तर?"

"दुसरी येईल."

"येईल. पण हात हलवेल?"

"म्हणजे?"

"ती सकाळी खिडकीत कपडे वाळत घालते. समोरच्या खिडकीत तुझी आई दिसली की हात हलवते. मग तुझी आईही हलवते."

"कुठला हात?"

"उजवा."

"तो तर लकवा झाल्यापासून..."

"डॉक्टरांपुढे नाही उचलत. या भाडेकरणीला बघून पार खांद्यापर्यंत नेते."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"तू फोनवर भाड्याचंच विचारतेस, बाळा."

लेकीनं हिशेब मांडलेला मोबाइल पालथा ठेवला.

टाइप करणाऱ्यानं हळूच विचारलं, "मुदत किती घालू?"

"जास्तीत जास्त किती घालता येते?" लेक म्हणाली.